‘सिगारेट नाही, फक्त वेप’ : पाळीच्या गोळ्यांसोबत हे चालतं का?

प्रश्न विचारणारी मुलगी २६ वर्षांची. मूळची जिंतूरकडची, नोकरीसाठी संभाजीनगरात मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. पीसीओडी आणि चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी सात महिन्यांपासून सायप्रोटेरोन आणि इथिनिल इस्ट्राडिऑल असलेली गोळी चालू आहे. वर्षभरापासून वेप (ई-सिगारेट) ओढते. आधी एक पॉड (वेपमधली निकोटिनच्या द्रवाची डबी) आठवडाभर पुरायचा, हल्ली चार दिवसांत संपतो. गोळी लिहून देताना डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं, ती ‘नाही’ म्हणाली आणि ते खरंच होतं. आता तिला चार गोष्टी हव्यात. हे दोन्ही एकत्र चालतं का, वेपमुळे गोळीचा असर कमी होतो का, सिगारेटपेक्षा तरी हे बरं ना, आणि डॉक्टरांना खरं सांगितलं तर घरी कळेल का. अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय : ‘बाकी तब्येत छान आहे, महिन्यातून एखाददोनदा डोळ्यांपुढे चमचमतं आणि मग डोकं धरतं तेवढंच.’

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. लातुरात पंचवीस वर्षं मी बायकांच्या तपासण्या करते आहे, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की पेशंट उठून दाराशी गेल्यावर, हात कडीवर ठेवून जे सांगते तेच खरं दुखणं असतं. तुझंही तसंच झालंय. चार प्रश्न वेपचे विचारलेस, आणि मला घोर लागला तो शेवटच्या ओळीचा. म्हणून आधी तिच्याबद्दल.

‘डोळ्यांपुढे चमचमतं’ म्हणजे नेमकं काय, हे तुला स्वतःलाच तपासायचंय. आपल्याकडे बायका दोन वेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगतात. बसल्या जागेवरून झटकन उठलं की अंधारी येते, क्षणभर भिंत धरावी लागते आणि मग सगळं ठीक होतं. ते बहुतेकदा रक्त कमी असल्याचं किंवा बीपी खाली गेल्याचं लक्षण. दुसरी गोष्ट वेगळी. नजरेच्या एका बाजूला चमकता ठिपका किंवा धूसर डाग दिसतो, तो पाच-दहा मिनिटांत हळूहळू पसरतो, त्याच्या कडेला दातेरी, नागमोडी रेघ लखलखते. देवगिरीच्या तटाचे कंगोरे आठव, साधारण तसं. वैद्यकातही त्या रेघेला तटबंदीवरूनच नाव पडलंय. कुणाला बोटांपासून गालापर्यंत मुंग्या येतात, कुणाला शब्द सापडेनासे होतात. पाच मिनिटं ते तासभर हे चालतं, मग अर्धं डोकं ठणकू लागतं, उजेड नकोसा होतो, मळमळतं. याला ऑरासह अर्धशिशी म्हणतात.

तुझं चमचमणं या दुसऱ्या प्रकारचं असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी तुझ्यासाठी नाही, आणि तुझ्या गोळीतलं इथिनिल इस्ट्राडिऑल हे इस्ट्रोजेनच. वय २६ असो की २०, वेप ओढ की ओढू नकोस. जागतिक आरोग्य संघटना गर्भनिरोधकं कुणाला द्यावीत आणि कुणाला नाही याची चार गटांत विभागणी करते. पहिला गट म्हणजे बिनधास्त द्या, चौथा म्हणजे देऊ नका. ऑरासह अर्धशिशी आणि इस्ट्रोजेनची गोळी हे जोडपं चौथ्या गटात आहे, कारण या बायकांना मेंदूच्या पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि गोळी त्यात भर घालते. त्यावर निकोटिन आलं की तिसरी भर.

तेव्हा पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नकोस. मी वर्णन केलं तसंच तुला होत असेल तर आजपासून स्ट्रिप बाजूला ठेव आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांना भेट. स्ट्रिप मध्येच थांबवली की दोन-तीन दिवसांनी पाळीसारखा रक्तस्राव होईल, घाबरू नकोस, ते अपेक्षितच आहे. गर्भ राहू नये म्हणूनही ही गोळी तुला उपयोगी पडत असेल (ते मी विचारलेलं नाही, विचारायची गरजही नाही), तर थांबवल्या दिवसापासून निरोध वापर. गोळी बंद झाली की तिचं संरक्षणही लगेच ओसरायला लागतं. आणि गेल्या आठवड्यात संबंध आला असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

आता वेपकडे येऊ.

रक्त गोठणं ही शरीराची सोय आहे. विळीवर बोट कापलं तर ते थांबायला हवं. दुधाला विरजण लावतो तसं समज : प्रमाणात असलं तर काम होतं, जास्त पडलं तर दही नको तितक्या लवकर लागतं. गोळीतलं इस्ट्रोजेन यकृतातून रक्त गोठवणारे घटक जास्त तयार करवतं आणि त्यांना आवर घालणारे, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिनसारखे, कमी करतं. म्हणजे विरजण थोडं जास्त पडलं. निकोटिनचं काम वेगळ्या बाजूनं चालतं. झुरका घेतला की काही क्षणांत ॲड्रेनलिन उसळतं, नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते, बीपी वर जातं, रक्तवाहिन्या आकसतात. हे दिवसातून शंभरदा झालं की वाहिनीच्या आतला गुळगुळीत थर खरबरीत होतो आणि प्लेटलेट्स चिकटायला लागतात. दोघं एकत्र आले की धोका वाढतो तो इथे.

पण दोन धोक्यांची सरमिसळ करू नकोस. पोटरीच्या शिरेत गुठळी होणं आणि ती सुटून फुफ्फुसात जाणं हा एक धोका, आणि तो मुख्यतः गोळीच्या इस्ट्रोजेनचा आहे. सिगारेट त्यात थोडीच भर घालते. हार्ट अटॅक आणि पक्षाघात हा रोहिणीचा, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीचा धोका, आणि तिथे गोळी आणि तंबाखू एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. वयाप्रमाणे हा दुसरा धोका चढत जातो, म्हणून ३५ ची रेघ आखली आहे. ३५ च्या आत असून सिगारेट ओढणारी बाई दुसऱ्या गटात येते, म्हणजे फायदा तोट्याहून जास्त, देता येईल. ३५ पूर्ण झाल्यावर दिवसाला १५ पेक्षा कमी सिगारेट असतील तर तिसरा गट, १५ किंवा जास्त असतील तर चौथा.

खरं सांगायचं तर तुला ते चमचमणं नसतं, बीपी नॉर्मल असतं आणि घरात कुणाला कमी वयात गुठळी झालेली नसती, तर २६ व्या वर्षी निव्वळ वेप आहे म्हणून मी घाईघाईनं गोळी बंद केली नसती. वेप सोडायला सांगितलं असतं, सहा महिन्यांनी बीपी पाहिलं असतं. घाबरवून पेशंट सुधारत नाही, तो फक्त पुढच्या वेळी खोटं बोलतो. पण ३५ व्या वाढदिवशी रात्री बाराला रक्तवाहिन्या अचानक म्हाताऱ्या होतात असंही नाही. ३३ वर्षांची, वजन जास्त, बीपी काठावर आणि दिवसभर वेप हातात, अशी बाई आली तर मी रेघेकडे बघत बसत नाही.

आता तू म्हणशील, या यादीत वेप कुठे आहे? तिथली मोजणी सिगारेटींची आहे. ही यंत्रं या शतकातली, बाजारात येऊन वीसेक वर्षं झालीत. सिगारेट आणि गोळीचं नातं कळायला दशकं लागली. १९६० साली पहिली गोळी आली तेव्हा तिच्यात आजच्यापेक्षा चार-पाचपट इस्ट्रोजेन होतं, आणि सिगारेट ओढणाऱ्या बायकांना ती किती महाग पडते हे नंतर हळूहळू उघड झालं. मी माझ्या टेबलावर वेपला सिगारेटच धरते. 

‘सिगारेटपेक्षा बरी ना?’ याचं उत्तर अर्धं हो आहे. जळण नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही, डांबर नाही. कर्करोगाच्या हिशोबात हा फरक मोठा. पण तुझ्या प्रश्नात मुद्दा निकोटिनचा आहे आणि ते दोन्हीकडे तेच. उलट पॉडमध्ये ते क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे घशाला झोंबत नाही, खोकला येत नाही, आणि किती ओढलं याचा अंदाजच राहत नाही. सिगारेट संपते, तिचं थोटूक विझवावं लागतं. वेपला शेवट नाही. पाकिटावर ‘५ टक्के’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. दोन मिलिलिटरच्या पॉडमध्ये १०० मिलिग्रॅम झालं. एका सिगारेटीतून शरीरात उतरतं ते साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. पॉडमधलं सगळं काही रक्तात जात नाही, तरी हिशोब तुझ्या लक्षात येईल. शिवाय तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे कण, द्रवातून फॉर्माल्डिहाइड, आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे अतिसूक्ष्म कण येतात.

आणि पाकिटावरचा आकडा खरा मानायचा तरी कशावरून? भारतात १८ सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुझ्या हातातला प्रत्येक पॉड चोरवाटेनं आलेला. त्यात काय भरलंय हे कुठल्याही सरकारी प्रयोगशाळेनं पाहिलेलं नाही. रस्त्यावरच्या भेळवाल्याला निदान परवाना तरी लागतो.

पॉड आधी आठवडाभर पुरायचा आणि आता चार दिवसांत संपतो, हे तू सहज लिहिलंस. मी मात्र ते वाचून पुन्हा वर जाऊन तारखा जुळवल्या. निकोटिन यकृतात ज्या एन्झाइमनं मोडलं जातं, त्याचा वेग इस्ट्रोजेन वाढवतं. म्हणून पुरुषांपेक्षा बायकांचं निकोटिन लवकर उतरतं, आणि गोळी घेणाऱ्या बायकांचं त्याहून लवकर. उतरलं की तलफ येते, तलफ आली की हात पिशवीत जातो. तुझ्या बाबतीत नोकरीचा ताणही असेल, पण गोळी चालू झाल्यानंतर वेप वाढली असेल तर त्यात हाही एक धागा आहे. गोळी वेप वाढवते, आणि वाढलेली वेप गोळीचा धोका वाढवते.

गोळीचा असर वेपमुळे कमी होतो का? नाही. गर्भ न राहण्याचं काम निकोटिन बिघडवत नाही. एवढंच की कोवळ्या सवयीत जास्त ओढल्यानं मळमळून उलटी होते, आणि गोळी गिळल्यापासून तीनेक तासांत उलटी झाली तर ती गोळी पडली असं धरून दुसरी घ्यावी.

थोडे आकडे, कारण ‘धोका वाढतो’ हे वाक्य आकड्याशिवाय नुसतंच भेडसावतं. गोळी न घेणाऱ्या १०,००० तरुण बायकांत वर्षाला साधारण दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाली (इस्ट्रोजेनच्या जोडीला हा हार्मोन असलेली जुनी) गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. ड्रॉस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल या नव्या गोळ्यांत नऊ ते बारा जणींना. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली सगळं पुन्हा तपासून हे आकडे दिले. तुझी सायप्रोटेरोनवाली गोळी त्याच वर्षी वेगळी तपासली गेली, आणि तिचा धोका लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या दीड ते दोनपट निघाला. यातली गंमत बघ : प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी माला-एन ही लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाली, म्हणजे कमी धोक्याच्या बाजूची. शहरात चकचकीत पाकिटात चारशे रुपयांना मिळते ती वरच्या बाजूची. पेशंटला हे पटत नाही, तिला वाटतं स्वस्त ते कमअस्सल. आणि हेही लक्षात ठेव की गरोदरपणात, त्याहून बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, गुठळीचा धोका कुठल्याही गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणून गोळीला भिऊन नको असलेलं गरोदरपण ओढवून घेणं हा शहाणपणा नव्हे.

धोका सर्वांत जास्त असतो पहिल्या वर्षात, आणि महिनाभर किंवा जास्त खंड पडून पुन्हा सुरू केल्यावर. काहीजणी दोन महिने घेतात, पुटकुळ्या गेल्या की सोडतात, लग्नसराई आली की पुन्हा धरतात. प्रत्येक वेळी घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

गुठळीचं सांगताना आणखी एक गोळी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्या भागात ती शेंगदाण्यासारखी विकली जाते. पाळी पुढे ढकलायची. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की मेडिकलवर रांग, नवरात्रात तुळजापूरला पायी निघायचं ठरलं की पुन्हा रांग. नोरेथिस्टेरोन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बायकांना वाटतं यात इस्ट्रोजेन नाही म्हणजे निर्धोक. पण या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिऑलमध्येच बदलतो, साधारण एका छोट्या गर्भनिरोधक गोळीइतका. म्हणजे ऑरासह अर्धशिशी असलेल्या बाईला हीसुद्धा विचारून घ्यायला हवी. त्यात लातूर-पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये सात-आठ तास पाय दुमडून बसायचं, ‘मध्ये थांबत नाही’ म्हणून पाणीही प्यायचं नाही. तू नवरात्रात गावी जाताना कुणा मैत्रिणीला मेडिकलवरून ही आणून देणार असशील तर आधी तिला डोकेदुखीचं विचार. देवीला पाळीचं वावडं आहे का हा वाद मी इथे काढत नाही. माझं मत विचारलंस तर तोंडी सांगेन.

तशीच एक सवय : गोळ्या चालू असताना मध्येच अंगावर जास्त गेलं की शेजारणीच्या सल्ल्यानं रक्त थांबवायची ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी घेणं. इस्ट्रोजेनच्या गोळीसोबत ती स्वतःच्या मनानं कधीच घ्यायची नाही.

आता तुझ्या ‘नाही’बद्दल. डॉक्टरांनी सिगारेट विचारली, तू नाही म्हणालीस. दोघांचंही चुकलं नाही आणि तरी माहिती निसटली. हे वेपच्या आधीपासून चालत आलंय. बाह्यरुग्ण विभागात मी रोज ऐकते.

‘मावशी, तंबाखू खाता का?’

‘नाही बाई, देवाशपथ.’

‘मिसरी?’

‘ती व्हय, ती दात घासायपुरती.’

दिवसातून किती वेळा घासता विचारलं की पदर तोंडाला जातो. सकाळी, जेवणानंतर, दुपारी काम उरकल्यावर, रात्री झोपताना. भाजलेल्या तंबाखूची पूड हिरडीवर दहा-दहा मिनिटं. निकोटिन तिथूनही रक्तात जातं. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि त्यात सिगारेट ओढणाऱ्या अगदी नगण्य. म्हणजे ‘सिगारेट ओढता का?’ हा प्रश्न मराठवाड्यातल्या बाईसाठी मुळातच चुकीचा आहे. ऊसतोडीहून परतलेली ३८ वर्षांची एक बाई आठवते. माला-डी मेडिकलवरून आणून आठ वर्षं घेत होती, मिसरी लहानपणापासून, आणि डोकं दुखतं म्हणून आली तर बीपी १५०/१००. आठ वर्षांत तिचं बीपी कुणी एकदाही मोजलं नव्हतं. तिला कळत नव्हतं असं नाही, कुणी विचारलंच नव्हतं. मिसरी आणि वेप यांत मला फारसा फरक दिसत नाही. एकीला मिसरी म्हणजे तंबाखू वाटत नाही, दुसरीला वेप म्हणजे सिगारेट वाटत नाही. एक चुलीपाशी, दुसरी कॅफेत.

तर तुझ्यापुढे पर्याय काय? आधी हे ठरव की गोळी कशासाठी हवी होती. पाळी नियमित यावी म्हणून असेल तर इस्ट्रोजेनशिवायही काम होतं. दर एक ते तीन महिन्यांनी दहा-चौदा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी देऊन पाळी आणवतात. पीसीओडीत खरी काळजी असते ती महिनोन्महिने पाळी न आल्यानं गर्भाशयाचं अस्तर जाडावतं याची, आणि ती यानं मिटते. पुटकुळ्यांसाठी लावायची औषधं आहेत, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी पाळी पुष्कळदा आपली आपण रुळावर येते. मेटफॉर्मिनचा विचार साखर आणि वजन बघून.

गर्भ राहू नये हाही हेतू असेल तर तांबी उत्तम. हार्मोन नाही, निकोटिनशी संबंध नाही, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि ३८० प्रकारची दहा वर्षं चालते. ‘लेकरू झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत’ हे जुनं झालं. फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी, डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम, तंबाखूवालीलाही कुठल्याही वयात चालते, अर्धशिशी असलेल्यांनाही बहुतेकदा देता येते, फक्त रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन सुरक्षित आहे, पण पाळी आधीच बेभरवशाची असताना आणि वजन वाढत असताना माझी ती पहिली निवड नसते. आठवड्याची छाया मात्र तू घेऊ नकोस. तिच्यात हार्मोन नाही, लखनौच्या संशोधन संस्थेत बनलेली चांगली गोळी आहे, पण पीसीओडी असलेल्यांसाठी ती सुचवत नाहीत. ‘बिनहार्मोनची आहे ना’ म्हणून कुणी हातात ठेवली तर तेवढं सांग. आणि तातडीची ७२ तासांवाली गोळी : तिच्यात इस्ट्रोजेन नाही, वेप ओढत असलीस तरी गरज पडली तर घेता येते.

रक्त गोठण्याची तपासणी करून घेऊ का, असं पुष्कळजणी विचारतात. सरसकट करण्यात पैशांचा चुराडा आहे. त्यापेक्षा आईला फोन करून विचार : तुला, मावशीला, आजीला बाळंतपणात पाय सुजून पांढरा पडला होता का? ५० च्या आत कुणाच्या छातीत किंवा पायात गुठळी झाली होती का? हे उत्तर दोन हजारांच्या रिपोर्टपेक्षा मोलाचं.

वेप सोडणं. पहिले तीन दिवस चिडचिड, झोप उडणं, डोकं जड. दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. वेप सोडून सिगारेट धरू नकोस, ही चूक मी पाहिली आहे. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम मेडिकलवर मिळतो, पण तो नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळत बसायचा नाही. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, पुन्हा थोडं चावायचं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन शोषलंच जात नाही आणि बायका म्हणतात ‘त्यानं काही होत नाही’. त्यातही निकोटिनच आहे हे खरं, पण ते सावकाश आणि थोडं चढतं, झुरक्यासारखा तडाखा देत नाही. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत नंबर १८००-११-२३५६. तिथे वेपबद्दलही बोलता येतं. तुझं पॉडचं प्रमाण बघता मी तुला एकटीनं मनाच्या जोरावर सोडायला सांगणार नाही, दवाखान्यातून औषधाचा आधार घे. आणि गोळी बंद झाल्यावर निकोटिन थोडं सावकाश उतरायला लागेल, म्हणून सोडायला ही वेळ बरी आहे.

गोळी थांबवल्यावरही पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून रहा. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ते चालून आल्याचं दुखणं समजू नकोस. अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, याला ‘गॅस’ म्हणून ओवा-सोडा घेत बसायचं नाही. आणि आजवर कधी दुखलं नाही असं डोकं एकदम दुखलं, दिवसेंदिवस वाढत गेलं, उलट्या सुरू झाल्या, झटका आला, बोलणं बोबडं झालं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर तासाचीही वाट नाही. आमच्या इकडे ‘वारं गेलं’ म्हणतात आणि आधी अंगारा, मग मालिश, मग दवाखाना. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. तू संभाजीनगरात आहेस, थेट घाटीच्या सरकारी रुग्णालयात किंवा सीटी असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि दारातच सांग की मी हार्मोनची गोळी घेत होते. मेंदूच्या शिरेतली गुठळी आपल्याकडे बाळंतिणींत बरीच दिसते, तरुण पोरीत ती पटकन कुणाच्या मनात येत नाही. तुझं हे एक वाक्य डॉक्टरांना त्या दिशेनं न्यायला पुरेसं आहे.

राहिला घरी कळायचा प्रश्न. तू सज्ञान आहेस, तुझी माहिती तुझ्या परवानगीशिवाय आईवडिलांना सांगायची डॉक्टरांना मुभा नाही. वेपबद्दल डॉक्टर पोलिसांत कळवत नाहीत. रागावतील का? एखादे रागावतीलही, आमच्यातही सासवा आहेत. रागावले तर दुसऱ्यांकडे जा, पण सांग. आई सोबत येणार असेल तर आत गेल्यावर ‘मला एकटीला बोलायचंय’ एवढंच म्हण. बाहेर थांबवण्याचं काम नर्स करते, तिला त्याची सवय असते. आणि तुझा केसपेपर बघ. त्यावर ‘धूम्रपान : नाही’ असं लिहिलेलं असेल. त्याच्या खाली त्यांना एक ओळ लिहायला लाव : ‘वेप, निकोटिन, रोज, एक वर्ष’, आणि तिच्या शेजारी ‘डोळ्यांपुढे चमचमून डोकेदुखी, महिन्यातून एक-दोनदा’.